देवनागरी ईमेल पत्ता अजून का मिळत नाही?

ईमेलचा मजकूर मराठीत लिहिता येतो, विषयाची ओळही मराठीत टाकता येते. जीमेलसारख्या मोठ्या सेवांत पत्ता मात्र रोमन लिपीतच घ्यावा लागतो. ही मागणी जुनी आहे आणि रास्तही आहे. ती का अडली हे समजून घ्यायचं तर १९८२ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर मेल पोहोचवण्याचे नियम मांडले. ते सात बिटांच्या आस्कीवर, म्हणजे रोमन अक्षरं, आकडे वगैरे मिळून १२८ चिन्हांच्या संचावर उभे होते. देवनागरीला त्यात जागाच नव्हती. १९९२ मध्ये माइम ही नवी नियमावली आली आणि इतर लिप्यांतला मजकूर त्याच आस्कीत गुंडाळून पाठवता येऊ लागला. पत्त्याचं तसं जमलं नाही, कारण वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला तो वाचून मेल पुढे धाडायचा असतो.

काही सोयी कंपनी एकटीने देऊ शकते, काहींना इतरांची साथ लागते; फरक इथेच पडतो. जीमेल २००४ मध्ये सुरू झालं तेव्हा मेल काढून टाकण्यासाठी वेगळं बटण नव्हतं. लोकांनी ते मागितलं आणि २००६ मध्ये मिळालं. 'पाठवलेला मेल मागे घ्या' ही सोयही जीमेल चालवणाऱ्या गुगलला एकटीने देता आली, कारण तिथे मेल फार तर ३० सेकंद स्वतःकडेच अडवून ठेवला जातो. देवनागरी पत्त्याला पलीकडच्या सर्व्हरचीही तयारी लागते. ती नसेल तर मेल परत येतो.

त्यासाठीचे नवे नियम फेब्रुवारी २०१२ मध्ये निघाले. ऑगस्ट २०१४ मध्ये जीमेलने अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार खुला केला. त्याच महिन्यात देवनागरीतलं '.भारत' हे डोमेनही आलं. २०१६ मध्ये जयपूरच्या डेटा एक्सजेनने डेटामेल काढून भारतीय भाषांत पत्ते दिले, तर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने १५ भारतीय भाषांतले पत्ते आपल्या सेवांत चालतील असं जाहीर केलं. पण जीमेलवर देवनागरीत नवं खातं उघडायची सोय आलीच नाही.

कंपन्यांची एक भीती खरी आहे. सारखे दिसणारे दोन पत्ते फसवणुकीला सोपे पडतात. मराठीत हा पेच जास्तच अवघड आहे. 'कुऱ्हाडे' या आडनावातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा 'ऱ' वापरून, एकदा साध्या 'र'ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळी माणसं. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरणही हा भेद मिटवत नाही.

पण यावर उपाय आहे. खातं देतानाच दोन्ही रूपं एकाच माणसाच्या नावावर बांधायची आणि जुन्या सर्व्हरांसाठी सोबत एक रोमन पत्ता जोडून द्यायचा. हे काम कंपनीला एकटीने करता येतं, पलीकडच्या कुणाची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे २०१२ नंतरच्या दिरंगाईचं खापर आता तांत्रिक नियमांवर फोडता येणार नाही. बँकांच्या आणि सरकारी संकेतस्थळांच्या अर्जांनाही यातला वाटा उचलावा लागेल, कारण देवनागरी पत्ता भरला की 'ईमेल चुकीचा आहे' म्हणून तो नाकारणारे रकाने अजून सर्रास दिसतात.