प्रदूषणाची भरपाई आणि प्रदूषणग्रस्ताची भरपाई: दोन रकमांची पार्श्वभूमी

कारखान्याला लाखो रुपयांची ‘पर्यावरणीय भरपाई’ लावल्याची बातमी आली की बाधित गावात पहिला प्रश्न हाच असतो: त्यातले आमच्या वाट्याला किती? उत्तर बहुतेक वेळा ‘काहीच नाही’ असते. भरपाई हा एकच शब्द दोन वेगळ्या रकमांना, पर्यावरणाच्या हानीच्या आणि माणसाच्या नुकसानीच्या, चिकटल्यामुळे हा घोळ झाला आहे आणि त्यात दावेदारांची वर्षे वाया जातात.

ब्रिटिश काळापासून चालत आलेला १८६८ चा नियम धोकादायक वस्तू बाळगणाऱ्याला जबाबदार धरत असे, पण नैसर्गिक आपत्ती, तिऱ्हाईताचे कृत्य अशा पळवाटा त्यात होत्या. भोपाळच्या वायुकांडाला वर्ष होताच, ४ डिसेंबर १९८५ ला दिल्लीत ओलियम वायूची गळती झाली. २० डिसेंबर १९८६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी या पळवाटा बंद केल्या. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याचे दायित्व संपूर्ण, आणि उद्योग जितका मोठा व ऐपतदार तितकी भरपाई मोठी, असे सूत्र ठरले. प्रत्यक्ष भरपाई मात्र त्या निकालात कुणालाही मिळाली नाही. बाधितांना दिवाणी दावे लावायला सांगितले गेले. याच गोष्टीवर बोट ठेवून १९९१ मध्ये, भोपाळच्या तडजोडीच्या फेरविचारात, एका न्यायमूर्तींनी ते सूत्र केवळ प्रासंगिक, म्हणजे बंधनकारक नसलेले, मत ठरवले.

हा वाद मिटला तो राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या प्रकरणात, फेब्रुवारी १९९६ मध्ये. तिथे एच-ॲसिड हे रंगांसाठीचे रसायन बनवणाऱ्या कारखान्यांचा विषारी गाळ उघड्यावर पडून जमिनीत मुरला आणि विहिरींचे पाणी काळपट झाले. न्यायालयाने संपूर्ण दायित्वाचे सूत्र बंधनकारक मानले आणि ‘प्रदूषकाने भरावे’ हे तत्त्व लावले. २०११ मध्ये ३७.३८५ कोटी रुपये ४ नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजाने भरण्याचा आदेश झाला. हे पैसे होते जमीन आणि भूजल सुधारण्याचे. गावकऱ्यांच्या स्वतःच्या नुकसानीबद्दल १९९६ च्या निकालात इतकेच म्हटले होते, की त्यांनी दिवाणी न्यायालयात जावे, आणि निर्धन म्हणून, शुल्क न भरता, दावा लावण्याची परवानगी मागितली तर राज्य सरकारने तिला विरोध करू नये. ज्याची विहीर गेली त्याने वेगळी लढाई लढायची, ही वाटणी इथे पक्की झाली. तिची किंमत गावांनी मोजली आहे.

दरम्यान १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला होता. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की चूक सिद्ध न करता मदत मिळायची, पण मूळ अनुसूचीत मृत्यूसाठी २५,००० रुपये आणि बुडालेल्या मजुरीसाठी महिना १,००० रुपये, तेही जास्तीत जास्त तीन महिने, एवढीच रक्कम होती. शिवाय तो कायदा अपघातांसाठी आहे. वर्षानुवर्षे विहिरीत झिरपणाऱ्या रसायनाला तो पुरा पडत नाही.

२०१० च्या राष्ट्रीय हरित लवाद कायद्याने पर्यावरणाच्या तंट्यांसाठी खास न्यायाधिकरण आणले आणि चित्र बदलले. कलम २९ ने अशा भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले, म्हणजे बिछडीच्या गावकऱ्यांना दाखवलेली वाट नव्या दाव्यांना उरली नाही. कलम १५ खाली बाधित व्यक्ती थेट लवादाकडे जाऊ शकते. मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, किमान १,००० रुपये, इतके शुल्क पडते. पाच लाख मागितले तर पाच हजार. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. पण लवादाने पर्यावरणाच्या हानीसाठी ठरवलेली रक्कम कलम २४ नुसार पर्यावरण मदत निधीत जाते. ती अर्जदाराला मिळत नाही.

कारखान्याला लावायची पर्यावरणीय भरपाई मोजण्याच्या, २०१९ मध्ये लवादाने मान्य केलेल्या सूत्राने गोंधळ आणखी वाढवला. त्यात पाच आकड्यांचा गुणाकार आहे: उद्योगाचा प्रदूषण निर्देशांक (सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या लाल गटाला ८०, नारिंगीला ५०, हिरव्याला ३०), उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा दर (साधारण २५०), उद्योगाचे आकारमान (लघु ०.५, मध्यम १, मोठा १.५) आणि ठिकाणाचा गुणक. लाल गटातल्या मोठ्या कारखान्याने १०० दिवस उल्लंघन केले तर ८० × १०० × २५० × १.५ × १, म्हणजे ३० लाख रुपये. शेवटचा गुणक लोकसंख्येवर ठरतो. दहा लाखांखालील वस्तीला १, एक कोटी आणि त्यावरील शहराला २. म्हणजे ओढ्याकाठच्या गावाला सर्वांत लहान गुणक. आजारी माणूस, मेलेली म्हैस, नासलेली विहीर यांना या गुणाकारात जागाच नाही. तरीही या रकमेला ‘भरपाई’ म्हणतात. तिला ‘पर्यावरण आकार’ म्हटले असते तर निम्मा गैरसमज टळला असता.

पुढचा तंटा ऐपतीचा. २०२४ आणि २०२५ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की उद्योगाच्या उलाढालीवरून पर्यावरणीय दंड ठरवता येणार नाही. प्रतिवादी आता हेच वाक्य वैयक्तिक दाव्यांतही पुढे करतात. ते निकाल दंडाच्या रकमेबद्दल आहेत. जखमी माणसाच्या भरपाईसाठी १९८६ चे ऐपतीचे माप पाच न्यायमूर्तींचे आहे आणि ते कायम आहे. हा मुद्दा अर्जातच स्वतंत्र परिच्छेदात मांडायला हवा, युक्तिवादापर्यंत राखून ठेवू नये.

कलम १५ चे दावे हरतात ते बहुधा मांडणीत. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मृत्यू, आजार, मजुरी, खासगी मालमत्ता, दुभती व ओढकामाची जनावरे, पिके, फळबागा अशी वेगवेगळी शीर्षके आहेत. लवाद भरपाई त्यांत विभागून देऊ शकतो, म्हणून मागणीही तशीच विभागून मांडावी. ‘प्रति कुटुंब दोन लाख’ अशी ठोक मागणी केली की हिशेब तपासायला काही उरत नाही. म्हशीसाठी पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल आणि दूध संस्थेचे पासबुक लागते. दुधाची घट त्यातून महिन्यागणिक दिसते. विहिरीसाठी तिची नोंद असलेला सातबारा.

कलम १७ ने चूक सिद्ध करण्याचे ओझे काढले, पण नुकसान याच कारखान्यामुळे झाले हे दाखवावेच लागते. इथे पाण्याचा नमुना घात करतो. हातपंपाचे साचलेले पाणी आधी उपसून टाकावे. जड धातूंसाठीची प्लास्टिकची बाटली नायट्रिक आम्ल घालून सामू (pH) २ च्या खाली ठेवावी, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवाल कमी आकडा दाखवतो. कारखान्याच्या वरच्या बाजूच्या विहिरीचा नमुना त्याच दिवशी घ्यावा. तो नसेल तर ‘इथल्या खडकातच हे आहे’ या बचावाला उत्तर राहत नाही.

सर्वांत मोठी अडचण मुदतीची आहे. अर्ज पाच वर्षांत, आणि पुरेसे कारण असल्यास आणखी ६० दिवसांत करायचा असतो. ही पाच वर्षे भरपाईचे कारण ‘प्रथम’ उद्भवले त्या तारखेपासून मोजतात. हळूहळू भिनणाऱ्या विषात ती तारीख कोणती? प्रतिवादी गावाची पहिली तक्रार शोधून काढतात: दहा वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीने प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहिलेले, दुर्गंधीबद्दलचे पत्र. वादीच्या बाजूने प्रत्येक शीर्षकाची तारीख वेगळी दाखवावी लागते. दुर्गंधीची एक, पाणी पिण्यालायक नसल्याच्या अहवालाची दुसरी, निदानाच्या केसपेपरची तिसरी. केसपेपरची मूळ प्रत कुटुंबाकडेच ठेवून अर्जाला साक्षांकित नक्कल जोडावी.