घोषित जलमार्ग आणि राबती नदी

राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, 2016 अन्वये देशातील 111 जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि त्या यादीत तापीला 100 वा क्रमांक लाभला. हतनूर धरणापासून खंबातच्या आखातापर्यंतचा हा 436 किलोमीटरचा पट्टा खानदेशातून जात असल्यामुळे, आपली केळी उद्या नावेतून सुरतजवळच्या हजिरा बंदराला जातील, अशी समजूत इकडे अधूनमधून डोके वर काढते. तिच्या मुळाशी दोन गोष्टींची गल्लत आहे. कायद्याने घोषित झालेला जलमार्ग निराळा आणि जिच्या काठावर जहाजांवर अवलंबून असलेले व्यवसाय प्रत्यक्ष चालतात ती राबती नदी निराळी.

घोषणेने मुख्यतः अधिकार बदलतो. त्या मार्गावरील नौकानयनाचे नियमन केंद्राकडे जाते आणि भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाला तेथे पाहणी व विकास करता येतो. पाणी, खोली किंवा धक्का मात्र राजपत्रातून येत नाही.

राबती नदी पाहायची असेल तर कोलकात्याची हुगळी पाहावी. समुद्रापासून शहरापर्यंतचा प्रवास दोनशे किलोमीटरहून अधिक असून वाळूचे दांडे सतत सरकत असल्यामुळे नदीचे पायलट, म्हणजे पात्राची वाट जाणणारे वाटाडे, चढल्याशिवाय परदेशी जहाज वर येत नाही, आणि आले तरी भरतीची वेळ साधूनच त्याला खिदिरपूरच्या गोदीत लॉक गेटमधून, म्हणजे पाण्याची पातळी राखणाऱ्या दरवाजांतून, घ्यावे लागते. या एका फेरीमागे जहाजे ओढणाऱ्या टग नौका चालवणारे, दोर बांधणारे खलाशी, गाळ काढणारे ड्रेजर, खोली मोजणाऱ्या नौका, दुरुस्तीचे कारखाने, धान्य व इंधन पुरवणारे आणि कस्टमचे दलाल अशी मोठी साखळी उभी असते. गाळ वाहून जावा म्हणून 1975 मध्ये फरक्का बंधाऱ्यातून गंगेचे पाणी हुगळीत वळवावे लागले, यावरून अशी नदी राबती ठेवणे किती खर्चाचे आहे हे कळते.

या साखळीला आधार द्यायचा म्हणजे केवळ अनुदान देणे नव्हे. शहर वाढले की काठावरच्या जमिनीला भाव येतो. घरांचे मनोरे कोठेही बांधता येतात, पण जहाज ओढून घेण्याचा उतार पाण्यालगतच हवा, आणि तो एकदा विकला गेला की परत मिळत नाही. अमेरिकेत मायामी नदीवरून बहामा आणि हैतीकडे मालवाहतूक चालते. तेथे हीच ओढाताण आहे. म्हणून काठाचा काही भाग नगररचनेतच जहाज-व्यवसायांसाठी राखून ठेवणे आणि गाळ नियमित काढणे, हे माझ्या मते खरे साहाय्य होय.

तापीवर दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली नांदतात, आणि म्हणूनच घोटाळा होतो. भरतीचे पाणी पोहोचते त्या मगदल्ला-हजिरा भागात जेट्टी आहेत, बार्ज म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौका फिरतात. वर मात्र काकरापारचा बंधारा आणि 1972 मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण आडवे आहे, आणि त्याहून वर खानदेशात प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे येथील बॅरेज सिंचनाचे पाणी अडवतात. उकाईला नौका चढवण्या-उतरवण्याची सोय नाही. शिवाय पावसाळा सरल्यावर अडवलेल्या पाण्याबाहेरचे पात्र उथळ होते. मोगल काळातही बऱ्हाणपूरचे कापड सुरतेला जाई ते थाळनेर, नंदुरबार, नवापूर या खुष्कीच्या वाटेने, म्हणजे नदीला धरून पण नदीतून नव्हे. पुढे उधना-जळगाव रेल्वेनेही तीच दिशा धरली.

तेव्हा खानदेशाचा सागरी वाहतुकीशी संबंध शोधायचा तो रावेर-यावलच्या बागांपासून शीतकंटेनरमधून न्हावा शेवाला जाणाऱ्या केळीत शोधावा. तिथे गरज आहे ती कापणीनंतर लगेच घड थंड करणाऱ्या पॅकहाउसची, अखंड विजेची आणि भुसावळसारख्या जंक्शनवर कंटेनर वेळेत चढवण्याच्या व्यवस्थेची. नावेच्या धक्क्याची मागणी करणाऱ्या निवेदनांत या तिन्हींचा उल्लेख क्वचितच असतो.