तिरफळं नव्हती, तरी जीभ झिणझिणली

रविवारची दुपार. समजा, फोंड्यातलं एखादं घर. पाच माणसं, ताटात बांगड्याचं हुमण आणि वर रव्यात तळलेले बांगडे. हात धुऊन अर्धा तास होत नाही तोच तिघांचे चेहरे लालबुंद. डोकं ठणकतंय, छातीत धडधडतंय, अंगाला खाज. ‘‘तिरफळं जास्त पडली काय गो? जीभ झिणझिणतेय,’’ असं एकाने जेवतानाच विचारलेलं असतं. हुमणात तिरफळ एकही नसतं.

नर्सिंगच्या वर्गात हा प्रसंग मांडला की पहिलं उत्तर ठरलेलं, ‘‘मासळीची ॲलर्जी.’’ मग मी विचारते, जन्मभर बांगडा खाल्लेल्या तिघांना एकाच दुपारी ॲलर्जी कशी सुरू झाली? वर्ग गप्प.

बांगडा, तारले, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासळी बर्फाविना राहिली की काही जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. तळताना जिवाणू मरतात, पण त्यांनी करून ठेवलेलं हिस्टामीन उष्णतेला दाद देत नाही. मासळीला वास येईलच असंही नाही. 2018 साली मडगावच्या घाऊक मासळी बाजारातलं फॉर्मेलिनचं प्रकरण गाजल्यापासून ‘‘औषध मारलेलं नाही ना?’’ असं विचारणारी गिऱ्हाइकं खूप भेटतात. ‘‘बर्फाबाहेर किती वेळ होती?’’ असं विचारणारं मला अजून भेटायचंय.

गंमत अशी, की हिस्टामीन हे काही परकं विष नव्हे. ते आपल्या शरीरातल्या मास्ट नावाच्या संरक्षक पेशींमध्ये कायम भरलेलं असतं. फूटपट्टीच्या बोथट कडेने हातावर जरा दाबून रेघ ओढा. आधी लाल रेघ उमटते, मग तिच्याभोवती लाली पसरते आणि काहींच्या बाबतीत रेघ फुगून वर येते. ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी 1920च्या दशकात या तीन पायऱ्या बारकाईने अभ्यासल्या. त्यामागे मुख्यतः हिस्टामीनच असतं. त्याने बारक्या रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांच्या भिंतीतल्या पेशींमध्ये फटी पडतात आणि रक्तद्रव बाहेर झिरपतो. काटा रुतला असेल तर हे हवंच असतं, कारण त्याच वाटेने पांढऱ्या पेशी मदतीला पोचतात. बोटाच्या टोकाएवढ्या जागेत हे झालं तर त्याला संरक्षण म्हणायचं. बांगड्यातून आलेलं हिस्टामीन आधी जीभ झिणझिणवतं आणि मग रक्तात मिसळून हेच काम अंगभर करतं.

आता छातीतली धडधड. वर्गातले बहुतेकजण ती हिस्टामीनच्या खात्यात टाकतात. थोडीफार ती त्याचीच, पण मोठा वाटा शरीराच्या स्वतःच्या उत्तराचा असतो. रक्तवाहिन्या सैलावल्या की रक्तदाब उतरतो. मानेतल्या मोठ्या धमनीतले दाबग्राही चेतातंतू ते टिपतात आणि मेंदू हृदयाला पळवतो. म्हणजे एकाच रोग्याच्या अंगावर बिघाडही दिसतो आणि त्याची डागडुजीही. नाडी मोजताना यातलं आपण काय मोजतोय हे कळलं पाहिजे, नाहीतर डागडुजीवरच औषध दिलं जायचं.

या त्रासावर हिस्टामीनविरोधी गोळी बहुधा लागू पडते. पण श्वास अडकत असेल, घसा सुजत असेल किंवा भोवळ येत असेल तर घरी निदान करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. खरी तीव्र ॲलर्जी सुरुवातीला अगदी अशीच दिसते. फरक रक्तात सापडू शकतो. ॲलर्जीत मास्ट पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं ट्रिप्टेज हे विकर (एन्झाइम) रक्तात बहुधा वाढलेलं मिळतं. इथे हिस्टामीन बाहेरून आलं, पेशी शाबूत राहिल्या, म्हणून ट्रिप्टेज वाढत नाही.

समजा, तिघांपैकी काकांना सगळ्यांत जास्त त्रास झाला आणि ते क्षयाच्या उपचारातलं आयसोनियाझिड घेत आहेत. खाण्यातून येणारं थोडं हिस्टामीन आतड्यातलं डायअमीन ऑक्सिडेज हे विकर एरवी तिथल्या तिथे निकामी करतं. आयसोनियाझिड या विकराला अडवतं. मासळी तीच, वाढप तेवढंच, पण काकांचा दरवाजा उघडा.

आणि ज्या दोघांना काहीच झालं नाही? सगळे बांगडे काही एकाच वेळी बर्फाबाहेर पडलेले नसतात. इतकंच काय, एकाच बांगड्याच्या दोन तुकड्यांतसुद्धा हिस्टामीन कमीजास्त असतं. त्यांच्या ताटात दुसरा तुकडा पडला होता.