सॅड वेगळं, ग्रीफ वेगळं

१३५ कार्डं, प्रत्येकावर भावनेचं एक इंग्रजी नाव. समोर अमेरिकेतले कॉलेजचे विद्यार्थी. सूचना एवढीच, की जे शब्द एकमेकांच्या जवळचे वाटतात त्यांचे गठ्ठे करा. किती करायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. मानसशास्त्रज्ञ फिलिप शेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध केला. शंभर जणांचे गठ्ठे पाहून कोणते दोन शब्द किती वेळा एकत्र पडले हे त्यांनी मोजलं आणि त्यावरून इंग्रजी भावनांची वंशावळ मांडली.

दुःखाच्या घराण्यात ग्रीफ, सॉरो, मिझरी, ग्लूम, मेलंकली शेजारीशेजारी आले, यात नवल नाही. पण त्याच घराण्यात शरम आणि अपराधीपण निघालं, अपमान निघाला, घरच्या आठवणीनं कासावीस होणं निघालं. दया आणि सहानुभूतीसुद्धा तिथंच! एवढे वेगवेगळे शब्द कमी-जास्त मापानं एका ओळीत कसे लावणार? तरी आपण इंग्रजी शिकलो ते समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करून, त्यामुळे सॅड म्हणजे थोडं दुःख आणि ग्रीफ म्हणजे पुष्कळ, असा ग्रह पक्का बसलेला असतो. तो सोडलेला बरा. या शब्दांत फरक आहे तो गोष्टीचा. काय घडलं, कोणाच्या बाबतीत घडलं, आता काही करता येण्यासारखं आहे का, याची प्रत्येक शब्दाची गोष्ट निराळी आहे.

ही गोष्ट उलगडण्याची सर्वांत नेटकी पद्धत अ‍ॅना विएर्झबित्स्का यांची. जन्मानं पोलिश असलेल्या या भाषाशास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात संशोधन केलं. शब्दकोशात सॅडचा अर्थ सॉरो आणि सॉरोचा अर्थ सॅड असा गोल फिरतो, तो त्यांना मान्य नव्हता. म्हणून त्यांनी जगातल्या सगळ्या भाषांत सापडतील असे अगदी साधे अर्थ निवडले: मी, कोणीतरी, वाईट, घडणं, हवं असणं, करणं. आज त्यांच्या यादीत असे सुमारे ६५ अर्थ आहेत. भावनेची व्याख्या करायची ती फक्त एवढ्याच भांडवलावर.

आता सॅड घ्या. 'काहीतरी वाईट घडलं. ते घडायला नको होतं. पण आता मी काही करू शकत नाही.' बस्स. वाईट माझ्याच बाबतीत घडलं पाहिजे अशी अट नाही. अनोळखी माणसाची बातमी वाचूनही सॅड वाटतं. अनहॅपीचं तसं नाही. तिथं माझ्या मनासारखं झालेलं नसतं आणि ती कुरबुर अजून चालू असते. त्यामुळे इंग्रजी बोलणारा साहेब तुमच्या कामावर 'अनहॅपी' आहे म्हणाला, तर तो उदास बसलाय असं समजू नका. डिस्ट्रेसमध्ये वाईट गोष्ट आत्ता, या क्षणी घडते आहे आणि काहीतरी करायलाच हवं अशी धडपड आहे. बुडणारं जहाज 'डिस्ट्रेस' सिग्नल पाठवतं ते उगाच नाही. डिस्पेअरमध्ये ती धडपडही संपते, कारण पुढं काही चांगलं होणारच नाही असं वाटू लागतं.

ग्रीफला आजच्या इंग्रजीत एक ठळक घटना लागते, आणि ती बहुधा जिवलगाचा मृत्यू असते. बस चुकली म्हणून कोणाला ग्रीफ होत नाही. सॉरो मात्र घटनेपासून दूर गेलेला, मुरलेला, वर्षानुवर्षं सोबत राहणारा असतो. विशेष म्हणजे सॉरी आणि सॉरो यांची मुळं एक नाहीत. सॉरी आला 'सोअर'च्या, म्हणजे ठणकणाऱ्या जखमेच्या कुळातून, तर सॉरोचा जर्मन भाऊबंद 'झोर्ग' म्हणजे काळजी. खुद्द सॅडचा जुना अर्थ होता पोट भरलेला, तृप्त; त्यावरून जड, मग गंभीर, मग दुःखी. ग्रीफ निघाला 'जड' या अर्थाच्या लॅटिन 'ग्राव्हिस'मधून. ग्रॅव्हिटी तिथलीच, आणि आपल्या गुरुत्वाकर्षणातला 'गुरु'ही त्याच मूळ धातूचा.

सगळ्यांत मोठी उलथापालथ केली डिप्रेशननं. ग्रीक वैद्यकात मेलंकली म्हणजे काळं पित्त, आणि उदासीच्या आजाराला दोन हजार वर्षं हेच नाव चाललं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अडॉल्फ मायर या मानसोपचारतज्ज्ञानं आग्रह धरला, की मेलंकलिया म्हटलं की कारण ठाऊक असल्याचा आव येतो, त्यापेक्षा 'डिप्रेशन' म्हणा. शास्त्रीय दृष्ट्या त्याचं म्हणणं रास्त होतं. पण स्वतः या आजारातून गेलेला अमेरिकन कादंबरीकार विल्यम स्टायरन यानं १९९० मध्ये यावर मनसोक्त आगपाखड केली: एवढ्या भयंकर दुखण्याला इतकं मिळमिळीत नाव! मायर मूळचा स्विस, त्याला इंग्रजीचा कान नव्हता, असाही टोला त्यानं हाणला. मला स्टायरनचं पटतं. मंदीला, बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाला आणि माणसाच्या आजाराला एकच शब्द, म्हणूनच तर आपणही मॅच हरल्यावर 'डिप्रेशन आलं' म्हणून मोकळे होतो.

शब्दांच्या या सीमारेषेवरून डॉक्टरांतही वाद पेटले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत आधी सूट होती: जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर पहिले दोन महिने, काही गंभीर लक्षणं सोडता, डिप्रेशनचं निदान करू नये. २०१३ च्या आवृत्तीत ही सूट काढली, आणि शोकालाच आजार ठरवता का, म्हणून टीका झाली. पुस्तिकेनं मात्र दोन्हींतला फरक नोंदवून ठेवलाय. ग्रीफ लाटांसारखं येतं, गेलेल्या माणसाच्या आठवणीनं उसळतं, मधेच हसूही येतं. स्वतःबद्दलचा आदर बहुधा शाबूत राहतो. डिप्रेशनमध्ये उदासी ठाण मांडून बसते आणि 'मीच नालायक' हा विचार पाठ सोडत नाही. २०२२ मध्ये त्याच पुस्तिकेत 'लांबलेला शोक' हे वेगळं निदान आलं. प्रौढांसाठी अट आहे किमान १२ महिन्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तीच मुदत ६ महिने आहे. दुःखाला कॅलेंडर लावणं विचित्र वाटतं खरं, पण उपचार कोणाला द्यायचे हे ठरवायला कुठंतरी रेघ मारावीच लागते.

नावं नेमकी असली तर फरक पडतो का? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी दिवसातून अनेकदा हातातल्या छोट्या यंत्रावर त्या क्षणीच्या भावना नोंदवल्या. डिप्रेशन असलेल्यांच्या नोंदींत राग, दुःख, अपराधीपण अशा नकारार्थी भावना एकमेकींत मिसळून येत होत्या, सुट्या होत नव्हत्या. सुखद भावनांच्या बाबतीत मात्र ते इतरांइतकेच काटेकोर होते. आजारामुळे हे होतं की याच्यामुळे आजार बळावतो, ते या अभ्यासावरून ठरत नाही.

आणि ही सगळी इंग्रजीची वाटणी झाली. १९९२ मध्ये शेव्हर यांच्या गटानं चिनी शब्दांवर तोच कार्डांचा खेळ केला, तेव्हा शरमेनं स्वतंत्र चूल मांडली, आणि दुःखी प्रेमाचा वेगळाच गठ्ठा निघाला. २०१९ मध्ये २४७४ भाषांची तुलना झाली. कोणत्या दोन भावनांना एकच शब्द वापरतात, हे तिथं पाहिलं गेलं. फारसीत 'अंदुह' हा शब्द शोक आणि पश्चात्ताप दोन्हींसाठी चालतो. कॉकेशसमधल्या डार्गवा भाषेच्या एका बोलीत शोक आणि चिंता एकाच शब्दात मावतात, आणि तो शब्द आहे 'दर्द'. आपल्याकडं तो फारसीतून आला, त्याला एक वेलांटी लागली आणि गाण्याच्या मैफलीत पहिल्या रांगेत बसणाऱ्याला आपण 'दर्दी' म्हणू लागलो.