पाकोळ्यांच्या कामासाठी आम्हाला बोलावण्याआधी

पत्र्याखाली, माळवदाच्या तुळयांत किंवा यंत्रमागाच्या शेडमध्ये पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं, झाल्या की पूर्वी लोक वासासाठी आणि चादरींवर पडणाऱ्या लेंड्यांसाठी फोन करायचे. २०२० पासून पहिला प्रश्न एकच असतो, "यांच्यापासून कोरोना होतो ना?"

भारतातल्या वटवाघळांनी माणसाला कोविड दिल्याचं कुठेही सिद्ध झालेलं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केरळ, हिमाचल, पुदुच्चेरी आणि तमिळनाडूतल्या फळं खाणाऱ्या वटवाघळांत कोरोना विषाणू सापडल्याचं २०२० मध्ये सांगितलं होतं, पण ते विषाणू कोविडचे नव्हते. कोरोना हे एका मोठ्या कुळाचं नाव आहे. साध्या सर्दीचे काही विषाणूही त्यातलेच.

या कुळातले काही विषाणू प्राण्यांतून माणसात येतात हे मात्र खरं. २००२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात सार्स हा श्वसनाचा आजार सुरू झाला. तो जिवंत प्राण्यांच्या बाजारातल्या उदमांजरांमार्फत आला आणि मूळ निघालं चीनमधल्या वटवाघळांत. २०१२ मध्ये सौदी अरेबियात मर्स हा तसाच आजार आढळला, तो उंटांकडून. कोविडचे जवळचे नातेवाईकही वटवाघळांत सापडलेत, पण मधला प्राणी कोणता हे अजून नक्की ठरलेलं नाही. सार्स आणि मर्स या दोन्हींत माणसाचा रोजचा हात त्या जनावराला लागत होता. बाजारात ती पिंजऱ्यांत कोंबलेली, उंट तर पाळलेलेच. वर पत्र्यात लटकलेली पाकोळी आणि खाली झोपलेले तुम्ही, यात तसा संबंध येत नाही.

तो संबंध घरचेच लोक घडवून आणतात. आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. भीतीपोटी दुपारी धुरी देतात, डांबरगोळ्या टाकतात आणि फट सिमेंटने किंवा फोमने बुजवून मोकळे होतात. दुपारी पाकोळ्या आतच असतात. काही तिथंच मरतात, मग आठ दिवस घरात बसवत नाही. उरलेल्या वाट शोधत खाली खोलीत उतरतात. मुलं फडक्याने धरतात, कोणी चावून घेतं. चावा किंवा ओरखडा झाला तर साबणाने भरपूर धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा. तिथं कोरोनापेक्षा रेबीजची काळजी आधी. आणि आम्ही येतो तेव्हा खरी वाट कोणती होती ते कळायला मार्गच उरत नाही. बुजवलेलं फोडा, पुन्हा संध्याकाळी येऊन पाहा, म्हणजे एका कामाची तीन कामं.

काही जण म्हणतात, "औषध मारा ना, दहा मिनिटांचं काम." आम्ही मारत नाही. अंधार पडताना त्या ज्या फटीतून बाहेर जातात तिथं एकतर्फी जाळी लावतो. बाहेर जाता येतं, परत शिरता येत नाही. काही रात्रींनी आत कोणी उरलं नाही ना, हे पाहून मगच फट बंद करतो. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत थांबतो, ग्राहक चिडला तरी. म्हणून किमान दोन फेऱ्या लागतात आणि पाहणीचे पैसे वेगळे पडतात. काम ठरलं तर ते बिलातून वजा करतो. एका वर्षात त्याच फटीतून परत आल्या तर पुन्हा पैसे घेत नाही.

लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. मास्क लावून, पाणी शिंपडून ओल्या करून उचला. शेड मोठी असेल तर ते काम आमच्यावर सोडा. जाळीसोबत सांगितलंत तर दर कमी लागतो.

फोन करण्याआधी एवढं करा. दिवेलागणीला पंधरा-वीस मिनिटं अंगणात उभे राहा, पाकोळ्या कुठल्या कोपऱ्यातून निघतात ते पाहा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर पाठवा. आधी काही बुजवलं असेल तर तेही सांगा, लपवू नका. आम्ही रागावत नाही, फक्त शिडी जास्त लांब आणतो.