बासष्ट मिनिटांचं अंतर: मुंबई आणि कलकत्ता

जानेवारीत संध्याकाळी साडेपाचला कोलकात्याच्या मावशीला फोन केला की ती म्हणते, "अगं, इकडे दिवे लागले." आणि इथे दादरला खिडकीच्या गजांच्या सावल्या अजून समोरच्या भिंतीवर असतात. घड्याळ दोघींचं एकच. सूर्य मात्र तिच्याकडे तासभर आधी उगवतो आणि तासभर आधीच मावळतो.

एकेकाळी हा फरक घड्याळातही दिसायचा. मुंबई ७३ रेखांशाच्या जरा अलीकडे, कलकत्ता ८८च्या जरा पलीकडे. एका रेखांशाला ४ मिनिटं धरली की दोन शहरांत साधारण ६२ मिनिटं पडतात. कलकत्त्यात दुपारचे बारा वाजले की मुंबईत अकराला दोन मिनिटं कमी. दोन्हीकडे आपापला सूर्य डोक्यावर आला की माध्यान्ह, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

अडचण आगगाडीने आणली. प्रत्येक गावची वेळ वेगळी असेल तर वेळापत्रक छापायचं कसं? म्हणून रेल्वेने मधल्या मद्रासची वेळ घेतली. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी तीच वेळ मुंबईच्या सरकारी कारभारावर लादली. शहराने इतका विरोध केला की दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली.

मग आली १ जानेवारी १९०६. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ सगळ्या देशाची ठरली. त्यासाठी मुंबईचं घड्याळ ३९ मिनिटं पुढे न्यायचं होतं आणि कलकत्त्याचं साधारण २३ मिनिटं मागे. त्याआधी अडीच महिन्यांपूर्वीच बंगालची फाळणी झाली होती, लोक संतापलेले होते. आणखी एक हुकूम वरून येतोय, आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, ही सल मुंबईतही होती.

पण मला या विरोधाचं खरं कारण गिरणगावात दिसतं. जानेवारीत मुंबईत सूर्य जुन्या वेळेने साडेसहाच्या सुमारास उगवायचा, नव्या वेळेने सात वाजून गेल्यावर. गिरणी मात्र घड्याळावर चालणार. म्हणजे भोंगा तेवढा आधी वाजणार आणि चाळीतल्या बाईला चूल तेवढी आधी, काळोखात पेटवावी लागणार. विजेच्या दिव्यांनी गिरण्यांचे कामाचे तास आधीच लांबले होते. त्याच महिन्यात काही कामगारांनी काम बंद केलं. याला कुणी हटवादीपणा म्हटलं तर मला ते पटत नाही. झोप त्यांची जात होती. पुढे महापालिकेनेही आपल्या कारभारात मुंबईचीच वेळ ठेवली, आणि स्टेशनात एक वेळ, शहरात दुसरी, असं कित्येक वर्षं चाललं.

कलकत्त्याचं दुखणं उलट होतं. घड्याळ मागे गेलं की संध्याकाळ आणखी लवकर येते. तिथेही जुनी वेळ १९४८ पर्यंत टिकली. मुंबईची त्यानंतरही काही वर्षं. आसामच्या चहाच्या मळ्यांत तर 'बागान टाइम' देशाच्या वेळेपेक्षा एक तास पुढे, तो आजही पाळतात. ज्यांचं काम उजेडावर चालतं त्यांनी केलेली ही सोय आहे. २०१७च्या नोव्हेंबरात ईडन गार्डन्सवर श्रीलंकेचे सात गडी बाद झाले होते आणि अंधुक प्रकाशामुळे कसोटी अनिर्णित सुटली, तेव्हा मुंबईत सूर्य मावळायला अजून बराच वेळ होता.

दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, देशाचं घड्याळ आणखी एक तास पुढे होतं. त्यामुळे त्या काळात मुंबईत जन्मलेल्या आजोबांची पत्रिका काढायला गेलं की जाणते ज्योतिषी नाव-गाव विचारून झाल्यावर थांबतात आणि विचारतात, "ही जन्मवेळ कुठली? मुंबई टाइम, स्टँडर्ड, की युद्धातली?"