पांढरा रस्सा, ठणकणारा अंगठा आणि एलियनबाई

कोल्हापुरात कुणाचा पायाचा अंगठा रात्री अचानक लालबुंद होऊन ठणकायला लागला आणि रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड वाढलेलं निघालं की डॉक्टर वजडी, काळीज, रस्सा आणि दारूवर आवर घालायला सांगतात, आणि बऱ्याच जणांना ॲलोप्युरिनॉल नावाची गोळी सुरू होते. ही गोळी ज्यांनी बनवली त्यात गर्ट्रूड एलियन या बाई होत्या, आणि त्यांच्याबद्दल आपल्या पोरापोरींना माहिती पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

जन्म न्यूयॉर्कचा, १९१८. पंधराव्या वर्षी आजोबा पोटाच्या कॅन्सरनं गेले आणि तेव्हाच ठरवलं की केमिस्ट्रीच करायची. १९३७ ला डिग्री मिळाली, पण बाई आहे म्हणून रिसर्च लॅबमध्ये कुणी घेईना. मग लोणच्याची आंबटाई तपासायची नोकरी केली, शाळेत शिकवलं, शिकवता शिकवता मास्टर्स केलं. युद्धात पुरुष लढायला गेले तशा लॅबमधल्या जागा रिकाम्या झाल्या आणि १९४४ ला बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्याकडं काम मिळालं.

तिथं विषय होता प्युरीन. आपल्या डीएनएमध्ये प्युरीन असतं, मटणातही असतं, पेशी वाढायला ते लागतंच. मग पेशीला हुबेहूब तसाच दिसणारा पण खोटा रेणू दिला तर ती फसून वाढायची थांबेल का? एलियनबाईंनी हायपोझँथिन नावाच्या प्युरीनमधला एक ऑक्सिजन काढून तिथं सल्फर बसवला आणि ६-मरकॅप्टोप्युरीन तयार झालं. ब्लड कॅन्सरची लहान मुलं तेव्हा काही महिन्यांतच जायची, त्यांच्यासाठी १९५३ मध्ये या औषधाला मंजुरी मिळाली. आजही ते वापरात आहे.

पण शरीरातलं झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम (रासायनिक बदल घडवून आणणारं प्रथिन) या औषधाची पण मोडतोड करायचं. त्याला अडवायला म्हणून ॲलोप्युरिनॉल वापरून बघितलं. हा रेणू म्हणजे हायपोझँथिनच, फक्त एक कार्बन आणि एक नायट्रोजन यांची जागा अदलाबदल केलेली, बाकी काही नाही. आणि गंमत बघा, प्युरीनपासून युरिक ॲसिड बनवणारं एन्झाइम पण तेच! ते अडलं की युरिक ॲसिड कमी बनतं, सांध्यात सुईसारखे खडे साचत नाहीत. म्हणजे कॅन्सरच्या औषधाला मदतनीस म्हणून आणलेला रेणू १९६६ पासून गाऊटचं, म्हणजे युरिक ॲसिडमुळं सांधे ठणकण्याच्या याच आजाराचं, औषध झाला. आता ही गोळी पेनकिलर नाही, ठणका लागल्यावर घ्यायची आणि थांबला की सोडायची असं करू नका, डोस डॉक्टरच ठरवणार.

शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करून पुण्या-हैदराबादला आर अँड डीत (कंपन्यांच्या संशोधन विभागात) जाणारी आपली पोरं दिवसभर रिॲक्शन लावतात, टीएलसी बघतात (रिॲक्शन झाली का ते तपासायची पट्टी), कॉलम टाकतात (मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा करायला), त्यातलं बहुतेक काही औषधापर्यंत पोचतच नाही, हे या कामात असंच असतं. एलियनबाई रात्रीच्या क्लासला जाऊन पीएचडी करत होत्या, पण कॉलेजनं नोकरी सोडून पूर्णवेळ या म्हटल्यावर त्यांनी पीएचडी सोडली, नोकरी नाही. १९८८ चं नोबेल हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत मिळालं ते पीएचडीशिवायच.

नागीण उठल्यावर देतात ती असायक्लोव्हीर पण त्यांच्याच कंपनीची, आणि ती नेमकी कशी काम करते हे त्यांच्या टीमनं उलगडलं. विषाणूचं स्वतःचं एन्झाइमच या औषधाला चालू करतं, त्यामुळं ते जिथं विषाणू आहे त्याच पेशीत जोरात काम करतं आणि निरोगी पेशींना फारसा त्रास होत नाही. आणि हा रेणू कशावरून बनवलाय तर ग्वानिनवरून, ते पण प्युरीनच.